खुंटीवरची किल्ली

"चोर आला की कुत्रं भुंकतं. कुत्रं भुंकतंय, म्हणजे चोर आलाय. आता नेमकी हीच चूक कुठल्या पर्यायात आहे ते सांगा," चांदोरकर सर म्हणाले खरे, पण त्यांचं लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं.

स्पर्धा परीक्षेच्या त्या वर्गात सरांच्या तावडीतून कुणाच्या तर्कातली खोट सुटत नसे. घरी बायकोच्या बोलण्यातलीही नाही. कालच्या भांडणातही मृणालचं कुठे चुकतंय ते त्यांनी तिला मुद्देसूद पटवून दिलं होतं. आज सकाळी ती "माहेरी जाऊन येते" एवढंच म्हणून बाहेर पडली, आणि तिची किल्ली खुंटीवरच राहिली.

फोन काही वाजेना. सरांनी खडू उचलून फळ्यावर लिहिलं, 'परत यायचं असलं की ती किल्ली घेऊन जाते. आज तिनं किल्ली नेली नाही. म्हणजे तिला परत यायचं नाही.'

"यातली चूक शोधा."

मुलं वह्यांत डोकं खुपसून बसली. सर बाकांमधून येरझारा घालत राहिले. एकेकाच्या वहीत डोकावून पुढे सरकत राहिले.

शेवटी फरजाना उभी राहिली. "सर, हे त्या कुत्र्यासारखं नाही. यात चूकच नाही."

"नीट बघ. असेल."

"नाही सर. तुम्हीच तर शिकवलंय."

सरांनी डस्टर हातात घेतलं, पण फळा पुसवेना.

"पुन्हा एकदा बघ गं," ते म्हणाले. असा विनवणीचा सूर मृणालनं त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.