पुन्हा प्रयत्न करा

बसा असं टेकून. एक गोष्ट सांगतो, लई लांबड लावनार न्हाय. हातातला चहा निवायच्या आत संपंल बगा.

शुक्रवार पेठेत सिद्धम्माच्या दारात पद्मजाबाई येऊन उभ्या ऱ्हायल्या तवा उन्हं कलली व्हती. बाई मेडिकल कॉलेजात शिकवनाऱ्या डॉक्टर. कालपास्नं ड्युटी, डोळं खोल गेल्यालं, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. पायरीवर चप्पल काढतानाबी भित्तीचा आधार घेतला त्यांनी.

"ऊट आतेनरी?" सिद्धम्मानं आतनंच इचारलं. जेवन झालं का, म्हनून. त्या गल्लीत दारात आल्याल्या मानसाला पयलं हेच इचारत्यात. कानडीत इचारतील न्हायतर मराठीत, पर इचारनार.

"झालं, झालं," बाई म्हनल्या. सकाळधरनं पोटात चहाबिगर काय नव्हतं.

सतरंजीवर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. डॉक्टर व्हायला निघाल्याल्या पोरांसाठी बाईंनी एक धडा केला व्हता, मोबाइलवर सोडवायचा. पडद्यावर पेशंट येतो. त्याला काय इचारायचं, काय तपासायचं, ते पोरांनी निवडायचं. जसं निवडतील तसा पेशंट वाचतो, न्हायतर जातो.

पेशंट खरा व्हता. सिद्धम्माचा वारल्याला मालक, शिवलिंगप्पा. नाव तेवढं बदलल्यालं. धडा उद्यापास्नं सुरू व्हनार. सिद्धम्मानं मागंच व्हय म्हनलं व्हतं, कॉलेजात जाऊन आपला आवाजबी भरून दिला व्हता. पर तिनं सगळं बगितल्याबिगर बाईंचा जीव धजंना. आता ती नको म्हनली असती, तर वरीसभराचं काम पान्यात.

पडद्यावर खाटंवर एक मानूस आडवा, तोंड वाकडं करून पडल्याला.

"अय्य, ह्यो तुमचा जोतीराम शिपाई न्हवं?"

"त्यालाच झोपवलंय, मावशी. दुसरं कोण तयार होईना."

"आमचं मानूस येवढं जाड नव्हतं की." सिद्धम्मा हसली. "आन ह्याची मिशीबी चुकली."

बाईबी हसल्या जरा. मग म्हनल्या, "पुढं जाऊ?"

"जावा की."

त्या दिवशी जसं घडलं, तसंच बाई निवडत गेल्या. बोलनं जड झालंय, एक हात उचलंना. मेंदूचा झटका असंल. मेंदूचा फोटो काढायला पाठवा. गोळ्या कसल्या चालू? साखरंच्या. आजची घेतली? घेतली. बरं, पुढं. फोटोसाठी रांग लई. जोतीरामाचा हात खाटंवरनं खाली लोंबला. पडदा काळा झाला आन वर पांढरी अक्षरं आली.

"काय लिवलंय?"

"रुग्ण दगावला." बाई थांबल्या. "पुन्हा प्रयत्न करा."

सिद्धम्मानं पडद्यावरली नजर काढून बाईंकडं बगितलं.

"म्हंजे पोरं रोज ह्यास्नी मारनार. मोबाइलात."

"पहिल्यांदा बहुतेक जण मारतील. मी पण..." बाईंचं बोलनं तितंच ऱ्हायलं. त्या दिवशी ड्युटीवर त्याच व्हत्या. सिद्धम्माला ठावं व्हतं. दोघींनी त्यो इषय कदी काढला नव्हता, येवढंच.

सिद्धम्मानं पडद्याकडं बोट केलं. "पुन्ना करा म्हनतंय न्हवं ते? मग करा की."

बाईंनी पयल्यापास्नं सुरू केलं. ह्या टायमाला सवालांच्या रांगेत पार खाली गेल्या. तळाला एक सवाल व्हता, त्यो दाबला. 'आज जेवलात का?'

सिद्धम्माचाच आवाज आला लॅपटॉपमधनं. "न्हाय जी. श्रावणातला सोमवार हाय, सांच्याला सोडनार व्हते. गोळी चुकवू नका म्हनला व्हता डॉक्टर, म्हनून गोळी तेवढी घेतली."

लगीच बोटाला सुई टोचली. साखर पार तळाला गेल्याली. शिरंतनं साखर चढवली. जोतीरामानं डोळं उघडलं, उठून बसला आन पानी मागितलं.

"हितं थांबवा," सिद्धम्मा म्हनली.

बाईंनी थांबवलं. जोतीराम बसल्याला, ओठाला पेला. सिद्धम्मा लई येळ बगत ऱ्हायली. त्याच्या मिशीचं आता काय म्हनली न्हाय.

"ह्यो सवाल येवढा खाली का वो?"

"दवाखान्यात तो कुणी विचारत नाही, मावशी." बाईंनी मान खाली घातली. "मी नाही विचारला."

सिद्धम्मानं पदरानं लॅपटॉपवरली धूळ पुसली. धूळ नव्हती.

"उद्या चालू करा," ती म्हनली. "मारू द्या पोरांना. पर येक करा. मारलं आन मोबाइल बंद करून झोपलं, असं नको. उठवून बसवल्याबिगर कुनाला सोडायचं न्हाय."

बाईंच्या डोळ्यांपुढं रातचं काम उभं ऱ्हायलं. परत सगळं उकलायचं, परत जोडायचं. घरी जाऊन पाठ टेकायची व्हती त्यांना.

"करते," त्या म्हनल्या. "तसंच करते."

सिद्धम्मा गुडघ्यावर हात देऊन उठली. आत गेली, भाकरी आन शेंगाचटनी ताटलीत घिऊन आली. लॅपटॉप तसाच उघडा ठिवून ताटली त्याच्या म्होरं सरकवली.

"आता खरं सांगा. ऊट आतेनरी?"

बाईंनी पडद्यावरल्या त्या बसल्याल्या मानसाकडं बगितलं. मग मान हलवली. न्हाय.

एवढीच गोष्ट. चहा निवला असंल, ऱ्हाऊ द्या. मगाधरनं मी बडबडतोय आन तुमी ऐकताय, पर पयलं इचारायचं ते माज्याकडनं ऱ्हायलंच की. जेवलाय का तुमी? झालं-झालं म्हनू नका उगं. खरं सांगा.