मकबऱ्याजवळची खोली

"एकट्याच का?" दार उघडत बाबांनी विचारलं. मृदुला उंबऱ्यातच थांबली. बाबांचं विसरणं वाढलंय, हे वहिनीने फोनवर सांगितलं होतं. पण ते आपल्यालाही विसरतील, असं तिला वाटलं नव्हतं.

तिचं लग्न झाल्यापासून मकबरा पाहायला येणाऱ्या पर्यटकांना ते घरातली एक खोली देत. आताही त्यांनी चादर झटकली. "सकाळी चहा-उपमा मिळेल. गच्चीतून मकबरा फुकट दिसतो. याहून स्वस्त शहरात कुठे सापडणार नाही."

"बाबा, मी..."

"एक आधीच सांगतो, ताई," त्यांनी आवाज खाली आणला. "खोली माझ्या मुलीची आहे. ती आली, की सोडावी लागेल."

"सोडीन," मृदुला कसंबसं म्हणाली. "कधी येणार आहे ती?"

"आजच की!" बाबांचा चेहरा उजळला आणि ते दारात जाऊन वाट बघत उभे राहिले.