एकाहत्तरचं गाणं

पंधरा ऑगस्टला शाळेच्या भोंग्यावर एकाहत्तरच्या लढाईतलं गाणं लागलं, की शहीद गुणवंतरावांची रंभाबाई तोंडाला पदर लावायची अन् तिचे खांदे गदगदा हलायचे. "याले म्हणतात नवऱ्यावरची माया!" म्हणत गावच्या बायका डोळे पुसायच्या.

यंदा सून दिव्यानीला राहवलं नाही. "ओ गुरुजी, बंद करा ना ते गाणं! आमच्या आईले तरास होऊन राह्यला."

"गप बस व! वाजू दे," पदराआडून रंभाबाई खेकसली अन् आपल्या वाकड्या मनगटाच्या हातानं सुनेला खाली ओढलं.



ते मनगट गुणवंतरावानं शेवटच्या सुट्टीत लाथेनं मोडलं होतं. महिन्याभरात त्याच्या मरणाची तार आली तेव्हा रेडिओवर हेच गाणं चालू होतं, अन् तेव्हाही पदराआड तिला असंच हसू फुटलं होतं.