फोटोबरहुकूम

“हनुवटी कशी होती तिची?” त्याने विचारलं. “फोटोत हात आडवा आलाय.”

“माझ्यासारखी. जरा पुढे आलेली. हट्टी म्हणायचे सगळे.” त्याला नीट दिसावी म्हणून आईने स्वतःची हनुवटी वर केली.

“आणि अंगावर काही खूण?”

“छे! चंद्रावर डाग असतील, माझ्या पोरीवर एक नव्हता.”

बोलून झाल्यावर तिला आपलाच ‘नव्हता’ ऐकू आला.

याच गावाकडे येणारी बस पुलावरून नदीत पडली, त्याला आता आठवडा झाला होता. तिची मुलगी त्या बसमध्ये होती. बस सुटताना तिने फोन केला होता. बऱ्याच जणांना आपापली माणसं मिळाली. काहींना पाण्याने परत दिलंच नाही. आई रोज काठावर जाऊन बसायची. काल शोध थांबला, तेव्हा एकच मुलगी ओळखायची राहिली होती. वय तेच, उंची तीच, केसही तेवढेच. चेहरा मात्र खडकांनी ठेवला नव्हता. आज सकाळी पोलिसांनी तिला इथे, गावातल्या एकुलत्या अंत्यसेवागृहात आणून दिलं. आईने ओळखली तर तिची, नाहीतर बेवारस.

“ती नसली तर मी परत काठावर जाईन,” आई म्हणाली. “मरेपर्यंत जाईन. रिकाम्या हाताने घरी कशी जाऊ, सांगा तुम्हीच?”

“उद्या सकाळी या,” तो म्हणाला.

आतल्या खोलीत धाकटा भाऊ हातमोजे चढवत होता. “दोघं मिळून करू पटापट. आण तो फोटो.”

“नको. तू गाडीचं बघ.”

“दादा, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. घोटभर चहा तरी घे. तुझा चेहरा करायची वेळ आणू नकोस माझ्यावर. माझा हात तुला ठाऊक आहे, बटाट्यासारखा दिसशील.”

एरवी तो हसला असता. आज त्याने भावाला बाहेर काढून दार आतून लावून घेतलं.

मेण गार असलं की तडकतं, जास्त तापलं की ओघळतं. तळहातावर मळून ते अंगाच्या उबेला आणावं लागतं. हे सगळं त्याला वडिलांनी याच टेबलाशी उभं करून शिकवलं होतं. त्याने फोटो दिव्याला टेकवून ठेवला. गालाची हाडं, नाकाचा कणा, पापण्या. हनुवटी त्याने त्या आईची आठवून जरा पुढे काढली. हात थरथरला तर काम टाकून बाहेर जावं, असं वडील म्हणायचे. तो बाहेर गेला नाही.

सकाळी आई बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने आपला गाल त्या मेणाच्या गालाला लावला.

“हीच. किती वाट बघायला लावलीस गं बाई.” मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “माझी पोर मला दिलीत तुम्ही. देव तुमच्या पोराबाळांना सुखी ठेवो.”

पेटी गाडीपर्यंत न्यायचं काम नेहमी भावाचं. आज पुढची बाजू त्याने स्वतः उचलली.

वर घरात बायको खिडकीशी उभी होती. चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी “मेलेल्यांच्या घरात मला जगायचं नाही,” म्हणून निघून गेली. “गेलीस तर परत येऊ नकोस,” असं तोच म्हणाला होता. तेव्हापासून बायको खालच्या दाराला कडी घालू देत नसे. मागच्या वर्षी कुणीतरी मुलीची वाईट बातमी आणली. ती खोटी निघाली, पण तेवढ्यात बायको जिन्यातच कोसळली होती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, या आशेवर जगताहेत; ती काढून घेऊ नका.

“मिळाली का हो बाईला तिची?”

“मिळाली.”

“सुटली बिचारी. पण ओळखली कशी? चेहरा नव्हता म्हणे.”

“आई आहे ती.”

“तेही खरंच. आपलीला तर मी हजारात ओळखीन. हनुवटीखाली तुमचे टाके आहेत ना! टेबलावरून पडली, तर डॉक्टरांची वाट न बघता तुम्हीच शिवून मोकळे. आणि डॉक्टर कसे हसले होते! म्हणे, अहो, हा टाका परत न उठणाऱ्यांना घालतात!” ती हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “येईल ती. कडी घालू नका हं.”

“नाही घालत.”

तो नळाखाली हात धरून नखांतलं मेण काढू लागला. काल दार लावून घेतल्यावर त्याने सगळ्यात आधी ते टाकेच बुजवले होते.