शेवंतीची पानं

जिंगदेझेनच्या खापरांच्या बाजारात नातीने चिनी मातीचा एक निळा तुकडा उचलला. "आजी, हे कुठलं फूल गं? पाकळ्या पिओनीच्या, पानं मात्र शेवंतीची! नवीनच जात सापडली की काय?"

तुकडा पाहताच ल्येनफांग आजी किंचाळलीच. "अगं, हीच ती बशी! कारखान्यात फुलं तुझे आजोबा काढायचे, पानं मी. तपासनिसाने ही नापास करून फोडली होती!"

"तुझी पानं चुकली? तुझी?"

"चल, आधी घरी चल! पन्नास वर्षं म्हातारा गावभर सांगत फिरतोय, हीच बशी माझ्या हातात देताना त्याने लग्नाचं विचारलं, तर मी मानसुद्धा वर न करता शांतपणे पानं रंगवत बसले म्हणून!"