दुसरा पेला

धाकट्या भावाचा हात कपाटातल्या बाटलीकडे गेला तशी ती घाईनं पुढे झाली.

"अरे, ती नको. ती ह्यांची आहे," ती म्हणाली.

"दाजींची म्हणजे आपलीच की!" भाऊ हसला. मालाचा ट्रक वखारीत लावून तो थेट बहिणीकडे आला होता, अंग नुसतं आंबून गेलं होतं. "काय दाजी, घेऊ ना थोडी?"

तिचा नवरा खुर्चीत बसला होता, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर, संध्याकाळचा पेला हातात. त्यानं मान डोलावली.

बाटलीत चहा होता.

नवऱ्याला साखर होती, आणि ती साधीसुधी नव्हती. डाव्या पायाचं एक बोट त्या साखरेनं आधीच खाल्लं होतं. दारू सुटली नाही तर पुढचा नंबर पावलाचा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्यावर हे महाशय म्हणाले, "रोजचा एक पेला मिळाला नाही तर गोळ्याही बंद. मग पाऊल काय, अख्खा मीच जाईन." अशा माणसापुढे कुणाचं काय चालणार? ती भांडली, रडली, अबोला धरून बघितला आणि थकली. शेवटी तिनं तह केला. बाटली तिच्या ताब्यात राहील. संध्याकाळी एकच पेला, तोही ती भरून देईल. कोपऱ्यावरच्या गुत्त्याची पायरी चढायची नाही.

मग तिनं लबाडी सुरू केली. आधी बाटलीत चमचाभर पाणी घातलं, हळूहळू निम्मं. पाण्यानं रंग उतरायला लागला तशी बिनदुधाच्या चहाची भर घालायला लागली. नवऱ्याचा जन्म रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा कालवून देण्यात गेलेला. त्याच्या डोळ्यांत धूळ फेकणं म्हणजे खायचं काम नव्हतं. दिवसभर लाँड्रीत इस्त्री घेऊन उभी राहायची, सुजलेले पाय ओढत घरी यायची आणि बूड टेकण्याआधी चहा उकळायची, गाळायची, खिडकीशी धरून रंग बघायची. आता कित्येक महिने बाटलीत चहाच होता. दारू होती ती वासापुरती, एक झाकण.

नवरा मात्र पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचा, खाकरायचा आणि थोड्या वेळानं सैल व्हायचा. एरवी 'पंखा लाव' आणि 'दार ओढून घे' यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पेला निम्मा झाला की म्हणायचा, "तुझे पाय सुजतात, मला दिसतं." कधी म्हणायचा, "माझ्यापायी तुझी माती झाली." परवा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तू नसतीस तर मी कधीच संपलो असतो."

"चढलीय तुम्हाला, जेवून घ्या," भांडी आवरता आवरता ती म्हणाली होती. खऱ्या दारूच्या दिवसांतही तो असाच पाघळायचा आणि सकाळी सगळं विसरायचा. ते काय मनावर घ्यायचं? या माणसाला चहाही चढतो, याचं तिला कधी कधी हसू यायचं. बहुतेक वेळा हसायचंही त्राण नसायचं.

भावानं पेला भरला. आता तो तोंडाला लावणार, 'ताई, हा तर चहा!' म्हणून ओरडणार. मग नवरा चपला सरकवून तडक गुत्ता गाठणार. पायाचं काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिला जागचं हलवेना.

भावानं मोठा घोट घेतला आणि तो थबकला. त्यानं बाटलीकडे बघितलं, मग बहिणीकडे. तोंड उघडणार तोच नवऱ्यानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"कडक आहे ना?" नवरा म्हणाला. त्याची नजर भावाच्या डोळ्यांवरून हलली नाही. "तुला सवय नाही. हळू घे."

भावानं तोंडातला घोट गिळला. मग म्हणाला, "कडक आहे, दाजी." पेला रिकामा करून तो आंघोळीला निघून गेला.

ती रिकामा पेला उचलायला वाकली.

"उद्या चहा जरा कमी उकळ," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "लाल मारतोय. खरीला पिवळट झाक असते."

ती तशीच वाकलेली राहिली. "कधी कळलं?"

"पहिल्याच चमच्याला."

ती समोरच्या खाटेवर बसली. राग आला, रडू आलं, आणि दोन्हीसाठी अंगात जोर नव्हता. "मग मला रोज कशाला उकळत ठेवलंत? दारू सुटली म्हणून सांगायचं होतं. रोज ते तोंड वाकडं करणं, ते खाकरणं, ती नाटकं कशासाठी?"

त्यानं पायाच्या बोटाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग म्हणाला, "हातात पेला नसताना तुझ्याशी असं बोलायला मला कधी जमलंय का?"

न्हाणीत पाणी पडत होतं. त्याच्या हातातला पेला संपला होता.

ती उठली, कपाटाशी गेली आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच तिनं आपल्या हातानं त्याला दुसरा पेला भरून दिला.