चाहूल

आपल्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक दिगूमामानेच धरायचं, हा रेवतीचा हट्ट होता. मामा नाही नाही म्हणत होता. एमएस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे त्याचा हात कधी दगा देईल याचा नेम नसे. सकाळी सुईत दोरा ओवणारा हात दुपारी आमटीची वाटी सोडून द्यायचा.

"अगं, मुहूर्ताआधीच सुटला तर?"

"चाहूल आहे ना आपल्या मनगटांवर!"

चाहूल म्हणजे निळी पट्टी. मामाचा हात सुटण्याच्या क्षणभर आधी, त्याने आपल्या पट्टीशी जोडून घेतलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला गुदगुल्या व्हायच्या. घरात त्याच्या कपाखाली कुणाचा तरी हात आपसूक जायचा आणि गप्पा तशाच चालू राहायच्या.

तिसऱ्या मंगलाष्टकेला रेवतीच्या मनगटाला गुदगुल्या झाल्या. हार कोपरावर अडकवून तिने घसरतं टोक झेललं. त्याच क्षणी पलीकडूनही एक हात आला आणि तिच्या हातावर पडला. शेरवानीच्या बाहीतून निळी पट्टी डोकावत होती.

"तुला कधी मिळाली?" ती कुजबुजली.

"साखरपुड्यालाच मामांकडून मागून घेतली," अंतरपाटाआडून नवरदेव ओजस म्हणाला.

"अहो, पाणिग्रहण नंतर आहे!" गुरुजी ओरडले. मांडव हसून लोटपोट झाला.

टोक मामीच्या हाती गेलं. मामा डोळे पुसत, अक्षतांची मूठ दोघांच्या डोक्यावर धरून उभा राहिला. अष्टक अर्ध्यावर असतानाच सगळ्यांच्या मनगटांना पुन्हा गुदगुल्या झाल्या.

या वेळी मात्र कुणीच हात पुढे केला नाही.